जुनी आलिशान मोटार : खरेदी आणि निगा

पंडरी हे नाव कानावर पडताच मराठी श्रोत्याच्या मनात चंद्रभागेचे वाळवंट उभे राहावे, हे साहजिक आहे. परंतु येथे ज्या पंडरीविषयी बोलावयाचे आहे ती विठोबाची नव्हे. ती छत्तीसगडच्या राजधानीतील, रायपूरच्या कापडबाजाराची पंडरी आहे. शहराचा मोठा बसस्थानक येथून भाटागावला हलला, तरी बाजाराची वर्दळ ओसरली नाही. लग्नसराईत खेड्यापाड्यांतून आलेली कुटुंबे येथे दिवसभर साड्या आणि धोतरजोड्या पारखीत असतात. दुकानदार तागा उलगडतो, कापडाचा पदर चिमटीत धरतो आणि सूत कोणते, त्यात भेसळ किती, पहिल्या धुण्याला रंग उतरेल की टिकेल, हे क्षणात सांगतो. आयुष्यभर माल पारखण्यात मुरलेल्या अशा माणसालाही चकवील अशी एक वस्तू हल्ली बाजारात सर्रास मिळते. ती म्हणजे दहाबारा वर्षे वापरलेली, वेगवान आणि आलिशान परदेशी बनावटीची मोटार.

मोह समजण्याजोगा आहे. नवी असताना जिची किंमत ५० लाख रुपये होती, ती मोटार वय झाल्यावर एखाद्या नव्या लहान मोटारीच्या भावात दारी येऊ शकते. रंग अजून झळझळीत असतो, आसने कातड्याची असतात, दार लावल्यावर तिजोरीच्या दारासारखा भरीव आवाज होतो, आणि पायाखालचा दट्ट्या जरा दाबला की पाठ आसनाला टेकते. शेजारच्या नव्या लहान मोटारीत यांपैकी काहीच नसते. तेव्हा हिशेबी मनुष्यसुद्धा विचार करू लागतो की एवढ्या पैशात एवढा माल मिळत असेल तर नवे घेऊन करावयाचे काय?

या हिशेबात एकच चूक असते, आणि पुढचा सारा मनस्ताप तिच्यातून उद्भवतो. मोटारीची किंमत वर्षागणिक घसरते. तिच्या सुट्या भागांची किंमत घसरत नाही. ५० लाखांची मोटार आज ८ लाखांना मिळाली, म्हणून तिची गिअरपेटी, तिचे ब्रेक किंवा तिचे दिवे ८ लाखांच्या मोटारीच्या भावात मिळत नाहीत. ते ५० लाखांच्या मोटारीच्याच भावात मिळतात, आणि परदेशातून यावयाचे असल्याने बहुधा वर्षागणिक महागतात. बाजारात हत्ती घोड्याच्या भावात मिळाला, तरी घरी आणल्यावर तो हत्तीएवढाच चारा खातो.

इतक्या वेगाने किंमत का घसरते, हेही समजून घेतले पाहिजे. पहिला धनी ही मोटार घेतो तेव्हा तिच्याबरोबर तो कंपनीची हमी आणि नवेपणाची प्रतिष्ठा विकत घेत असतो. हमीची मुदत संपत आली की तो मोटार काढतो. दुसरा धनी ती तीनचार वर्षे वापरतो, आणि पहिले मोठे बिल समोर आले की तोही काढतो. तिसऱ्या धन्याच्या हाती ती पोहोचते त्या सुमारास रबर, प्लॅस्टिक आणि इलेक्ट्रॉनिक भाग यांचे आयुष्य जवळजवळ एकदमच संपत आलेले असते. किंमत कमी असते ती या येऊ घातलेल्या खर्चामुळेच. स्वस्ताई म्हणून जी दिसते ती पुष्कळदा आधीच्या धन्याने न भरलेली बिलेच असतात.

मध्य भारतात अशा मोटारी येण्याचे आणखी एक कारण घडले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दिल्ली आणि तिच्या परिसरात १० वर्षांवरील डिझेल मोटारींना मज्जाव केला. पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्बंध, १५ वर्षांवरील पेट्रोल मोटारींसह, कायम केला. ऑगस्ट २०२५ मध्ये केवळ वयाच्या कारणावरून सक्तीची कारवाई करू नये असा आदेश त्याच न्यायालयाने दिला, आणि डिसेंबरात ते संरक्षण भारत स्टेज चार व त्यापुढील मोटारींपुरते मर्यादित केले. या घडामोडींच्या काळात दिल्लीकडच्या सुस्थितीतील कित्येक डिझेल मोटारी मिळेल त्या भावाने इतर राज्यांत गेल्या. त्यांतील काही खरोखरच चांगल्या आहेत. राजधानीतील रुंद रस्त्यांवर चाललेल्या, कंपनीच्याच कार्यशाळेत निगा राखलेल्या अशा त्या आहेत. काही मात्र जेमतेम विक्रीपुरत्या उजळलेल्या असतात, आणि दोन्ही दिसावयास सारख्याच दिसतात.

यांपैकी पुष्कळ मोटारी परदेशी नावाच्या असल्या तरी त्यांची जोडणी महाराष्ट्रात झालेली आहे, ही गोष्ट मराठी श्रोत्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मर्सिडीजची ई-क्लास १९९५ पासून पिंपरीच्या टेल्कोच्या आवारात जोडली जाऊ लागली, आणि २००९ मध्ये कंपनीने चाकणला स्वतःचा कारखाना उघडला. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे त्या वेळचे औरंगाबाद, येथील शेंद्रा वसाहतीत २००१ पासून स्कोडाची ऑक्टाव्हिया तयार होऊ लागली, आणि पुढे त्याच आवारात औडीच्या मोटारींचीही जोडणी सुरू झाली. बीएमडब्ल्यूने २००७ मध्ये चेन्नईजवळ आपला कारखाना काढला. परंतु जोडणी येथे झाली म्हणून भाग येथले झाले असे नव्हे. मोठमोठे भाग पेट्यांतून बाहेरून येत आणि येथे एकत्र बांधले जात.

वय झाल्यावर यांत नेमके काय बिघडते? याचे उत्तर मोटारीगणिक वेगळे आहे, आणि जो घेणारा 'जर्मन मोटार' एवढ्याच नावावर समाधान मानतो तो येथेच फसतो. २००४ च्या सुमारास भारतात आलेली ऑक्टाव्हिया आर.एस. घ्या. १.८ लिटरचे टर्बो इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच झडपा आणि १५० अश्वशक्ती, यामुळे वेगाच्या शौकिनांत तिचे अजून नाव आहे. तिच्या झडपांची वेळ साधणारा पट्टा रबरी आहे. तो तुटला तर झडपा दट्ट्यांवर आदळून वाकतात आणि इंजिन उघडावे लागते. पट्टा, त्याचा ताण राखणारी कप्पी आणि पाण्याचा पंप ही तिन्ही एकदम बदलणे हा तिच्या निगेचा पहिला नियम आहे. विकणारा 'अलीकडेच बदलला' असे म्हणाला आणि पावती दाखवीना, तर पट्टा बदललेला नाही असेच धरून चालावे. त्याच घराण्यातील २००९ नंतरच्या पेट्रोल सुपर्बमध्ये पट्ट्याऐवजी साखळी आहे. परंतु त्या पिढीच्या १.८ लिटर इंजिनाची तेल पिण्याची खोड आणि सात गतींच्या कोरड्या दुहेरी क्लचच्या गिअरपेटीचा नाजूकपणा जगभर प्रसिद्ध आहे. बीएमडब्ल्यूच्या २००७ नंतरच्या एका चार सिलिंडरी डिझेल इंजिनात ही साखळी पुढे नसून मागे, गिअरपेटीच्या बाजूस बसविलेली आहे. साखळी काही फार महाग नाही. पण तेथवर पोहोचण्यासाठी इंजिन खाली उतरवावे लागते, आणि पैसे मोजावे लागतात ते त्या उतरविण्याचे.

सर्वांत बोधप्रद उदाहरण मर्सिडीजच्या २००२ मध्ये आलेल्या ई-क्लासचे आहे. तिच्या ब्रेकच्या दट्ट्यावर पाय ठेवला की तो दाब थेट चाकापर्यंत न जाता आधी एका विद्युत-हायड्रॉलिक यंत्राकडे जाई, आणि प्रत्येक चाकाला किती दाब द्यावयाचा हे ते यंत्र ठरवी. ब्रेक किती वेळा दाबला गेला याची मोजदादही ते ठेवी, आणि ठरलेली संख्या ओलांडली की फलकावर इशारा देऊन स्वतःची बदली मागे. पुढे कंपनीला अशा मोटारी मोठ्या संख्येने दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या, आणि २००६ च्या सुधारित आवृत्तीत साध्या हायड्रॉलिक ब्रेककडे वळावे लागले. म्हणजे २००५ ची मोटार आणि २००७ ची मोटार बाहेरून बहिणी-बहिणींसारख्या असल्या, तरी आतून त्यांच्यात फार मोठा फरक आहे. घेणाऱ्याने सनाचा आग्रह धरावयाचा तो अशा कारणांसाठी. हवेच्या फुग्यांवर तरंगणारे सस्पेन्शन ही अशीच एक चैन आहे. रात्री उभी केलेली मोटार सकाळी एका कोपऱ्यात बसलेली आढळली, तर फुगा गळत आहे असे समजावे, आणि तो भरून काढण्याच्या खटाटोपात पंपही लवकरच जळणार हे ओळखावे.

अॅम्बॅसेडर आणि प्रीमिअर पद्मिनी यांच्यावर वाढलेल्या पिढीला हे सारे विपरीत वाटते. त्या मोटारीही बिघडत, किंबहुना अधिक वेळा बिघडत. पण रस्त्याच्या कडेचा कोणताही मिस्त्री पाना आणि पक्कड घेऊन त्या चालत्या करी, आणि भाग प्रत्येक तालुक्याच्या गावी मिळे. आजची आलिशान मोटार क्वचित बिघडते, पण बिघडली की ती नुसत्या मिस्त्रीचे ऐकत नाही. तिला संगणक जोडून विचारावे लागते. काही मोटारींत नवी बॅटरी बसविली तरी तिची नोंद मोटारीच्या संगणकात करावी लागते. एरवी तो जुन्याच बॅटरीच्या हिशेबाने नव्या बॅटरीला वीज पाजीत राहतो.

आता रायपूरचे हवामान पाहा. मे महिन्यात येथे पारा ४४ अंशांच्या आसपास जातो. उरला आणि सिलतरा येथील लोखंडाच्या कारखान्यांची बारीक काळी धूळ उन्हाळ्यात शहरावर उतरते. उष्णतेने रबर आणि प्लॅस्टिक लवकर म्हातारे होतात. कूलंटची टाकी, थर्मोस्टॅटचे घर, पाण्याच्या नळ्यांची तोंडे हे जर्मन मोटारीतील प्लॅस्टिकचे भाग ठिसूळ होऊन एक दिवस अचानक तडकतात. तापमानाचा काटा वर चढलेला दिसताच मोटार जेथे असेल तेथे थांबवावी. 'घर जवळच आहे' म्हणून दोन किलोमीटर रेटणाऱ्याचे सिलिंडर-हेड वाकते, आणि काही हजारांच्या टाकीचे काम काही लाखांवर जाते. हवेची गाळणी आणि आतील वातानुकूलनाची गाळणी येथे पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या आधीच बदलावी. इंधनाचीही गोष्ट आहे. २०२५ पर्यंत देशभरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येऊ लागले. जुन्या मोटारींचे सील आणि नळ्या एवढ्या प्रमाणासाठी बनविलेल्या नव्हत्या, शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. तेव्हा महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर मोटार उभी करून ठेवण्याची सवय सोडली पाहिजे.

याहून सूक्ष्म अडचण वापराची आहे. पंडरीतील दुकान आणि घर यांत अंतर असते तीनचार किलोमीटरचे. एवढ्या प्रवासात सहा सिलिंडरांचे इंजिन पुरते तापतही नाही. त्यात साठलेला ओलावा आणि न जळलेले इंधन तेलात मिसळते, आणि काही डिझेल मोटारींच्या धुराड्यातील काजळीची गाळणी कधीच स्वतःला जाळून साफ करू शकत नाही. जी मोटार मोकळ्या महामार्गावर तासन्‌तास धावण्यासाठी जन्मली तिला बाजारातल्या कोंडीत बांधून ठेवणे, हे तिच्या प्रकृतीला मानवत नाही. आठपंधरा दिवसांनी तिला नागपूरच्या वाटेवर ५०-६० किलोमीटर मोकळी सोडणे हा शौक नसून औषधोपचार आहे. ज्याला हे जमणार नाही त्याने डिझेल घेऊच नये.

खरेदीपूर्वी परीक्षा घ्यावी ती सकाळी, इंजिन थंड असताना. विकणाऱ्याने आधीच इंजिन तापवून ठेवले असेल तर परत यावे आणि दुसऱ्या दिवशी जावे. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या काही क्षणांत साखळीचा खडखडाट ऐकू येतो. निळा धूर निघाला तर तेल जळत आहे, आणि गोडसर वासाचा पांढरा धूर निघत राहिला तर कूलंट आत जात आहे. मग नवा रायपूरच्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर किमान अर्धा तास मोटार हाकावी. परंतु गिअरपेटीची खरी कसोटी वेगात नव्हे, तर बाजारातील मुंगीच्या चालीत लागते. तापलेली पेटी पहिल्या-दुसऱ्या गतीत धक्के देऊ लागली तर सौदा तेथेच थांबवावा. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालाचा तेविसावा आठवडा. खाचा खोल असल्या तरी सातआठ वर्षांचे टायर वेगवान मोटारीला निरुपयोगी समजावे. बीएमडब्ल्यूच्या बहुतेक मोटारींत जादा चाक नसते. हवा गेली तरी काही अंतर चालणारे, जाड भिंतीचे टायर असतात, आणि खड्ड्यात त्यांच्यामुळे रिम वाकते. म्हणून रिमही आतल्या बाजूने हात फिरवून पाहावी.

किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. तो मागे फिरविता येतो. पावलाखालच्या रबराची झीज, चालकाच्या आसनाची डावी-उजवी कड आणि सुकाणूवरचे कातडे खरे वय बोलून दाखवितात, आणि कंपनीच्या कार्यशाळेतील नोंदीही चासी क्रमांकावरून मिळविण्याचा प्रयत्न करावा.

यापुढची एक परीक्षा मात्र खास पंडरीच्या माणसाची आहे. २००५ च्या जुलैत मुंबईत, २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईत हजारो मोटारी पाण्यात बुडाल्या, आणि असे पूर पुढेही येतच आहेत. बुडालेली मोटार धुऊन, सुगंध फवारून, पूर न आलेल्या दूरच्या शहरात विकली जाते. बाहेरून काही कळत नाही. परंतु आसनाचा पट्टा अगदी शेवटापर्यंत बाहेर ओढला, तर पाणी जेथवर चढले होते तेथे मळकट आडवी रेघ दिसते. कारण धुणाऱ्याने पट्टा गुंडाळीतून पुरता काढलेला नसतो. हा पट्टा म्हणजे शेवटी विणलेले कापडच. ओल्या झालेल्या ताग्यावर कापडवाला जो डाग क्षणात ओळखतो, तोच हा डाग. पाठोपाठ आसनाखालचे लोखंडी रूळ गंजले आहेत काय, गालिच्याखाली रेती आहे काय, हे पाहावे. पाणी शिरलेल्या मोटारीच्या तारा दोनतीन वर्षांनीसुद्धा एकेक करून दगा देतात. ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

एवढे झाल्यावर मोटार वर उचलून, संगणक जोडून, त्या बनावटीचा जाणकार असलेल्या तटस्थ माणसाकडून तिची तपासणी करवावी आणि त्याचे शुल्क आनंदाने द्यावे. विकणारा तपासणीला नकार देत असेल तर त्या नकारातच तपासणीचा निकाल आहे. आणि खरेदीच्या रकमेच्या निदान तिसऱ्या हिश्शाएवढी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला काढून ठेवावी. ज्याच्याजवळ ८ लाखच आहेत त्याने ६ लाखांची मोटार पाहावी, ८ लाखांची नव्हे. हा सल्ला कोणालाही आवडत नाही. कर्ज काढून अशी मोटार घेणाऱ्याने तर तो ऐकलाच पाहिजे, कारण हप्ता चुकविता येत नाही, आणि मग तेल बदलणे चुकविले जाते.

निगेत तेलाला पहिले स्थान. पुस्तकात १५,००० किलोमीटरची मुदत असली तरी जुन्या टर्बो इंजिनाला ती निम्म्यावर आणावी, आणि तेलाच्या डब्यावर कंपनीची संमती पाहावी, जसे मर्सिडीजसाठी २२९.५ किंवा फोक्सवॅगन घराण्यासाठी ५०२.००. 'आयुष्यभर पुरणारे' म्हणून सांगितलेले गिअरपेटीचे तेलही बदलावयाचेच असते. आयुष्य कोणाचे, हे कारखान्याने सांगितलेले नसते. सुटे भाग दिल्लीच्या काश्मिरी गेटहून किंवा मुंबईहून मागविता येतात, आणि पुष्कळदा ज्या कारखान्याने मूळ भाग बनविला त्याच्याच खोक्यातून, मोटार-कंपनीच्या शिक्क्याविना, कमी भावात मिळतात. दिवा, आरसा, दार असे भाग भंगारातील चालतील. ब्रेक, सुकाणू आणि रबराचे भाग भंगारातील कधीही घालू नयेत.

कागदपत्रांत आळस करून चालत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यातील मोटारीसाठी कलम ४८ खाली मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, त्याचा अर्ज नमुना २८. मालकी बदलण्यास नमुने २९ आणि ३०. कर्जाचा बोजा उतरविण्यास नमुना ३५. बारा महिन्यांहून अधिक काळ मोटार येथे राहावयाची असेल तर कलम ४७ प्रमाणे छत्तीसगडचा नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि येथला करही भरावा लागतो. तो किती पडेल हे पैसे मोजण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात विचारावे. नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि २०२२ पासून त्याचे शुल्क मोटारीस ५,००० रुपये झाले आहे. २० वर्षांवरील मोटारीला २०२५ पासून १०,००० पडतात. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावे करून घ्यावा. पाच वर्षांवरील मोटारीचे मूल्य विमाकंपनी आणि धनी यांच्यात ठरते, आणि साध्या विम्यात रबर-प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के कपात होते. आलिशान मोटारीचे नाक तर सारे प्लॅस्टिकचेच असते.

शेवटी व्यवहार पुरा करताना दोन्ही किल्ल्या मागून घ्याव्या. या किल्ल्या नुसत्या लोखंडाच्या नसतात. त्यांत त्या एकाच मोटारीची सांकेतिक ओळख भरलेली असते. दुसरी हरवली असे सांगितले, तर नव्या किल्लीचा भाव कंपनीच्या कार्यशाळेत विचारून तेवढी रक्कम सौद्यातून वजा करावी, आणि नवी करवितानाच हरवलेल्या किल्लीची नोंद मोटारीच्या संगणकातून पुसून टाकावी.